जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करताना



आपल्याकडे गावोगाव एक गोष्ट हटकून पाहायला मिळते. गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा पडवीच्या कोपऱ्यात एखादी जुनी मोटारसायकल भिंतीला टेकून उभी असते. टायर बसलेले, टाकीवर धुळीचा थर, आणि सीटमध्ये कोंबडीने अंडी घातलेली. घरातल्या थोरल्यांनी कधीकाळी मोठ्या हौसेने ती घेतलेली असते. तिच्यावर बसून ते बाजाराला, कोर्टाला, लेकीच्या सासरी गेलेले असतात. मग एक दिवस गाडी बंद पडते, दुरुस्ती लांबणीवर पडते, आणि वर्षांमागून वर्षं जातात. दारावरून भंगारवाला जातो, तो किलोचा भाव सांगतो. घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, देऊन टाका एकदाची. दुसरा म्हणतो, आबांची आठवण आहे, राहू द्या.

आजच्या भाषणात मला तिसऱ्या वाटेविषयी बोलायचं आहे. ती गाडी पुन्हा उभी करायची, आणि तीही सुट्या भागांतून, थोडक्या पैशांत. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पाना हातात धरण्याची गोडी मला पुस्तकांनंतर लागली. त्यामुळे मी आधी हिशेब मांडतो आणि मगच नटबोल्टाकडे वळतो. तुम्हीही तसंच करावं, असं माझं सांगणं आहे.

उदाहरणादाखल आपण एकच गाडी घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. ती गाडी म्हणजे ३५० सीसीची जुनी बुलेट. तीच का, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीने १९३२ साली बुलेट हे नाव प्रथम वापरलं. १९५५ साली तिने मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया ही कंपनी काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आरंभी भाग विलायतेहून येत, इथे जोडले जात. पुढे यंत्रसामग्रीच इकडे आली आणि सगळे भाग इथेच बनू लागले. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला, १९७० पर्यंत मूळ कंपनीच संपली. पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचं ते इंजिन साधारण २०१० पर्यंत आपल्याकडे तयार होत होतं. म्हणजे ढोबळमानाने एकच आराखडा अर्धं शतक टिकला!

आता यात तुमचा-आमचा फायदा काय? तर जी वस्तू पन्नास वर्षं फारशी बदलली नाही, तिचे सुटे भाग पन्नास वर्षं बनत राहिले. ते आजही बाजारात मिळतात. जुने मिळतात, नवेही मिळतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या जावा आणि येझदी गाड्यांचंही बरंचसं असंच आहे. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण त्या गाड्यांवर प्रेम करणारे लोक राहिले, म्हणून भागही राहिले. याउलट जी गाडी थोडक्याच संख्येने निघाली, तिचा एक दातेरी गिअर शोधायला वर्ष जातं. तेव्हा गाडीवर पैसे घालण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा, की हिचे भाग मिळतात का? मिळत नसतील, तर ती गाडी हौशी श्रीमंतासाठी ठीक, आपल्यासाठी नव्हे.

दुसरा प्रश्न कागदांचा. पाना हाती घेण्याआधी कपाट उघडा. नोंदणीपुस्तिका आहे का? तिच्यातला चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतो का? गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपली असेल, तर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी त्यांत बसते. नवी नोंदणी दहा वर्षांची असते आणि त्या नियमांत तिचं शुल्क २०,००० रुपये ठरवलं आहे. पण लक्षात ठेवा, अशी गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोज शेतावर जायला नाही. ज्याला गाडी वापरायची आहे, त्याने साध्या नोंदणीचीच वाट धरावी. कागद मुळीच नसतील, तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करा. कागदांवाचून उभी केलेली सुंदर गाडी म्हणजे अंगणातलं शोभेचं खेळणं. त्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

आता गाडीपाशी या. पहिल्या दिवशी काहीही खोलू नका. एक वही घ्या आणि तीन रकाने पाडा. जसंच्या तसं चालेल ते पहिल्यात, दुरुस्त होईल ते दुसऱ्यात, आणि नवंच आणावं लागेल ते तिसऱ्यात. गाडीभोवती फिरत एकेक भाग लिहीत जा. पुष्कळांचा असा समज असतो की सगळीच गाडी गेली. यादी संपता संपता दिसून येतं, की चौकट, इंजिनाचे केस, चाकांचे हब, हँडल, दिव्याची वाटी असे जड आणि महाग भाग बहुधा शाबूत असतात. गेलेलं असतं ते रबर, कातडं, तारा आणि पत्रा.

मग पैशांचे वाटे करा. तुमचं अंदाजपत्रक कितीही असो, त्यातल्या शंभर रुपयांचे मी असे वाटे करीन : इंजिन आणि गिअरबॉक्स तीस, चाकं, टायर, ब्रेक आणि चेन पंचवीस, वायरिंग आणि बॅटरी दहा, कागदपत्रं आणि विमा दहा, रंग आणि चकाकी दहा, आणि उरलेले पंधरा राखीव. हे पंधरा मुठीत घट्ट धरून ठेवा, कारण इंजिन उघडल्यावर ते काय दाखवील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक जण उलट करतात. आधी रंग, आधी क्रोम, आधी नवी सीट! मग इंजिनाला पैसे उरत नाहीत आणि चकचकीत गाडी पुन्हा गोठ्यातच जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. रंग शेवटी, हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इंजिनाकडे वळू. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा पिस्टन सिलिंडरमध्ये धरलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी किकवर उभं राहून उड्या मारू नका; काहीतरी मोडेल. प्लग काढा, त्या भोकातून थोडं डिझेल किंवा पातळ तेल ओता आणि चार-आठ दिवस मुरू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे हलवा. धीर धरला, तर पुष्कळदा पिस्टन सुटतो.

खोलताना पान्यांचं भान ठेवा. जुन्या बुलेटमध्ये विलायती इंची आटे आहेत, आणि मिलिमीटरचा पाना त्या नटावर जवळपास बसतो. पण बरोबर बसत नाही. जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात, मग छिन्नी-हातोडा येतो, आणि दोन रुपयांच्या नटापायी केसचे आटे जातात. मापाचा पाना मागून आणा, पण मापाचाच आणा. काढलेला प्रत्येक बोल्ट डब्यात टाकून वर चिठ्ठी चिकटवा. घरातल्या मुलाकडून मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून घ्या. हे काम चार महिने चालेल, आणि चार महिन्यांनी तो वायसर कुठला होता हे आठवत नसतं.

सिलिंडर झिजला असेल, तर बोअर करावा लागतो. इथे एक क्रम पाळा. मोठ्या मापाचा पिस्टन आधी विकत आणा आणि तो हातात घेऊनच लेथवाल्याकडे जा. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. आधी बोअर केला आणि मग त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर सिलिंडर वाया गेला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि अशाच इतर कारखानदारीच्या गावांत हे काम चोख करणारे कारागीर आहेत. त्यांच्याशी घासाघीस करू नका. जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा प्रश्न असतो, तिथे स्वस्त काम सर्वांत महाग पडतं.

या इंजिनाचा जीव तेलात आहे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला यात एक तरंगती बुश असते. ती रॉड आणि पिन यांच्यामध्ये सुटी फिरते आणि तिला अखंड तेल लागतं. तेल थांबलं की काही मिनिटांत इंजिन गेलं म्हणून समजा. म्हणून जोडणी झाल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू झालं की आवाजाच्या आनंदात राहू नका. रॉकरला तेल नेणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल पाझरतं का, ते आधी पाहा. तेल आलं नाही, तर ताबडतोब इंजिन बंद करा. टॅपेट लावताना इंजिन थंड असावं. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर आणि पॉइंटची त्याहून किंचित कमी ठेवावी. फिलर गेजच्या पात्या याच कामासाठी असतात आणि त्या फार महाग नसतात.

आता जुनं काय घ्यावं आणि नवं काय? माझा नियम साधा आहे. जो भाग बिघडला तर गाडी थांबते, तो पारखून जुना घ्यायला हरकत नाही. जो भाग बिघडला तर गाडी थांबत नाही, तो नवाच घ्यावा. मडगार्ड, दिव्याची वाटी, कार्बोरेटरचं धड, पेटी, स्टँड हे जुनं चालेल. पण टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, ब्रेक आणि क्लचच्या केबल, चेन, पेट्रोलची नळी हे सगळं नवं. यात एक रुपयाही वाचवू नका. जुन्या गाडीचा ब्रेक आजच्या गाड्यांच्या मानाने मुळातच मवाळ असतो, आणि आजचा रस्ता मात्र त्या काळचा राहिलेला नाही. डांबरी सडकेवर पुढचा ट्रक एकदम थांबला, की तुमची काटकसर कुठे केली होती ते त्या क्षणी कळतं. आणखी एक. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं बांधून टाकून द्या.

जुने भाग कुठे मिळतील? पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतील, मुंबईच्या चोर बाजारात मिळतील, आणि तालुक्याच्या गावी ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दुकानामागे लोखंडाचा ढीग आहे, तिथे सर्वांत आधी मिळतील. भाग आणायला जाताना आपला मोडका भाग पिशवीत घालून न्या. "बुलेटचा आहे" एवढं पुरत नाही. साल बदललं की भोकाचं माप, दात, व्होल्टेज बदलतं. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचा बल्ब मिणमिणेल, आणि बारा व्होल्टच्या गाडीला सहाचा लावला तर जळेल. आणि कितीही स्वस्त मिळालं, तरी क्रमांक खोडलेलं इंजिन किंवा चौकट घेऊ नका. ती कुणाच्या तरी अंगणातून उचललेली असते.

टाकीविषयी मात्र मला जरा आवाज चढवून सांगायचं आहे. गळकी टाकी तशीच वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका! पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ आत राहते, आणि ठिणगी पडली की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट फुटते. टाकी वारंवार पाण्याने धुऊन वाफ पुरती घालवावी, आणि हे काम जाणणाऱ्या माणसाकडूनच डाग लावून घ्यावा. आतला गंज काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, कोमट पाण्यात विरघळवून एक-दोन दिवस ठेवलं तर पुष्कळ काम होतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुवावी आणि लगेच कोरडी करावी. आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून नळ्या आणि वायसर इथेनॉल सोसणारे घ्या, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

गाडी सुरू झाली की पहिले पाचशे ते हजार किलोमीटर तिला सांभाळून चालवा. ताशी चाळीस-पन्नासच्या आत ठेवा, पहिलं तेल लवकर बदला, आणि दर फेरीनंतर नटबोल्ट आवळा. नवी सून आणि नवा बोअर, दोघांनाही घरात रुळायला वेळ द्यावा लागतो.

या निमित्ताने शिक्षकमंडळींना एक विनंती करायची आहे. ही गाडी म्हणजे चालती-बोलती प्रयोगशाळा आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर एवढंच मुलांना द्या आणि घनफळ काढायला सांगा. उत्तर ३४६ घन सेंटिमीटर येईल, आणि "साडेतीनशे सीसी" म्हणजे काय ते जन्मभर लक्षात राहील. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बेअरिंग बसवताना मिस्त्री केस का तापवतो, ते विचारा. साठ मिलिमीटरचं भोक ८० अंश सेल्सियसने तापलं, तर सुमारे ०.११ मिलिमीटरने मोठं होतं. बेअरिंग आपलं आपण आत उतरतं, हातोडा लागत नाही. किक हळूच दाबत असताना ॲमीटरचा काटा का हलतो आणि पॉइंट उघडताच मध्यावर का येतो, ते दाखवा. फळ्यावर चार तास काढलेलं विद्युतमंडल तिथे चार मिनिटांत समजतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, मिस्त्रीला एकदा वर्गात बोलवा. इंजिनाला पान्याचं टोक लावून दुसरं टोक कानाशी धरणारा, नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा हा माणूस आता साठी-सत्तरीला आला आहे. नव्या गाड्यांना संगणक जोडून दोष कळतो, म्हणून त्याच्या हाताखाली शिकायला पोरं येत नाहीत. त्याने काही लिहून ठेवलेलं नाही. गाडीचे भाग उद्या पुन्हा ओतता येतील. हे ज्ञान पुन्हा ओतता येणार नाही.

आता कटू बोलतो. प्रत्येक गाडी उभी करावीच असं नाही. चौकट वाकलेली किंवा गंजून पोखरलेली असेल, कागद नसतील, घरात कर्ज असेल, मुलांची फी थकली असेल, तर हा उद्योग करू नका. गाडी रोज वापरायला हवी असेल, तर साधी चालती दुचाकी अधिक स्वस्त पडेल. आमच्या शास्त्रात एक नियम आहे : आजवर घातलेले पैसे हे पुढचे पैसे घालण्याचं कारण नव्हे. "एवढे घातले, आता थांबायचं कसं?" या एका वाक्याने जमिनी गेल्या आहेत, तिथे गाडीची काय कथा! म्हणून आरंभीच एक आकडा ठरवा, तो घरातल्या सर्वांसमोर सांगा, आणि तिथे पोचलात की थांबा. पैसे साठले की पुढे जा. दर महिन्याला एकच भाग, पण चांगला भाग. गाडीला घाई नाही. ती इतकी वर्षं थांबली आहे, आणखी एक पावसाळा थांबेल. फक्त तिच्यावर पत्रा घाला.

मग एवढं करून हाती काय येतं? व्यापारी हिशेब केला तर फार नाही. पण त्या वहीत आणखी एक रकाना असतो, आणि त्यात रुपये लिहिता येत नाहीत. आपल्या हातून मोडक्याचं साबूत झालं, हे घरातल्या तरुण पोराला दिसतं. बिघडलेली वस्तू फेकण्याआधी उघडून पाहायची असते, हे त्याला न सांगता कळतं. असा मुलगा पुढे पंप दुरुस्त करील, फवारणीयंत्र दुरुस्त करील, आणि कदाचित त्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जाऊन बसेल. तेवढं साधलं, तर मी म्हणेन की तुमचे पैसे वसूल झाले.

तेव्हा मंडळी, भंगारवाल्याला आजच्या दिवस "पुढच्या महिन्यात ये" म्हणून सांगा, एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. निर्णय काय घ्यायचा, ते ती वहीच तुम्हाला सांगेल.